पोरांच्या पुस्तकांतला काळा माणूस



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार-चळवळीतला माणूस आहे, तेव्हा कामगार-कायद्यांवर बोलेल, महागाई-भत्त्यावर बोलेल, फार तर कंत्राटी पद्धतीवर आग पाखडील. आम्ही विषय कळविला तो लहान मुलांच्या पुस्तकांचा. चालकांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी फोन करून खात्री करून घेतली की पत्रात काही घोटाळा तर झाला नाही! घोटाळा झालेला नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वर्षी आमची शाळा सुटली ती सातवीत. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, बाकावर बसून. ज्याला पुस्तक उशिरा मिळाले, त्याला पुस्तकाविषयी बोलण्याची खोड जरा जास्तच असते. ती आपण एक तासभर सोसून घ्यावी.

२०२१ सालच्या मार्चमध्ये, दोन तारखेला, अमेरिकेत एक छोटीशी गोष्ट घडली आणि तिचा गवगवा मोठा झाला. डॉक्टर स्यूस या नावाने लहान मुलांसाठी लिहिणारे व चित्रे काढणारे एक गृहस्थ तिकडे घरोघर वाचले जातात. ते वारले १९९१ साली. त्यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने, नेमका त्यांच्या जन्मदिवस साधून, जाहीर केले की त्यांची सहा पुस्तके आम्ही यापुढे छापणार नाही. कारण त्यांत आफ्रिकी व आशियाई माणसांची चित्रे अपमानकारक रीतीने काढलेली आहेत. झाले! सरकारने बंदी घातली नव्हती, कोर्टाने मनाई केली नव्हती, मालकाने आपला माल आपणच दुकानातून उचलला होता. तरी 'पुस्तके मारली, संस्कृती बुडाली' असा ओरडा वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळांतून उठला. आणि गंमत अशी की त्या आठवड्यात त्याच लेखकाची उरलेली पुस्तके खपाच्या यादीत अगदी वर जाऊन बसली.

या प्रकाराला तिकडे 'कॅन्सल कल्चर' म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, वाळीत टाकणे. वाळीत टाकणे म्हणजे काय हे कोकणातल्या गावकीने ज्यांचे पाणी तोडले त्यांना विचारावे. त्याविरुद्ध आपल्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला. ज्याच्या दाराशी कोणी उभे राहत नाही, ज्याच्या मयताला चार खांदेकरी मिळत नाहीत, तो वाळीत पडलेला. ज्याची पुस्तके लाखांनी खपताहेत त्याची सहा पुस्तके छापायची थांबली, तर त्याला आम्ही वाळीत टाकलेला म्हणणार नाही. शब्द जपून वापरावा. पण म्हणून सगळा वाद पोकळ आहे असेही आमचे मत नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे, आणि तो सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात लिहिलेल्या एका पुस्तकावरून जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसऱ्या कशावरून दिसत नाही.

ते पुस्तक 'लिटल ब्लॅक सांबो'. लिहिणारी बाई हेलन बॅनरमन, एडिंबरोची स्कॉटिश बाई. नवरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर, प्लेगवर काम करणारा. परळची प्लेगची प्रयोगशाळा, जिला पुढे १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले, तिथे तो अधिकारी होता. आमच्या गिरणगावातली माणसे उंदरांसारखी मरत होती तो तो काळ. बाईंची हिंदुस्थानात तीस वर्षे गेली. आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी त्यांनी एक गोष्ट रचली, चित्रेही स्वतःच काढली, आणि १८९९ साली ती लंडनला छापली गेली.

गोष्ट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. एका काळ्या मुलाला आई लाल कोट आणि निळी विजार शिवून देते. बाप बाजारातून हिरवी छत्री आणि जांभळे जोडे आणतो. पोर ऐटीत जंगलात निघते. एकामागून एक चार वाघ भेटतात, आणि 'मला खाऊ नको, हे घे' म्हणत पोर एकेक वस्तू देऊन जीव वाचविते. मग वाघांची आपसांत जुंपते की आपल्यांत रुबाबदार कोण. एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून ते झाडाभोवती इतके गरगर धावतात की वितळून त्यांचे तूप होते. बाप ते तूप पितळेच्या भांड्यात भरून घरी नेतो, आई त्यात घावन तळते, आणि पोर एकशे एकोणसत्तर घावन खाते. गोष्ट झकास आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. मूल दुबळे, वाघ बलवान. मूल शहाणे, वाघ गर्विष्ठ. शेवटी वाघांची भांडणे वाघांनाच खातात. कोणत्याही संपाच्या सभेत सांगावी अशी गोष्ट आहे!

मग वाद कशाचा? एक तर नावांचा. 'सांबो' हे नाव बाईंनी नव्याने काढलेले नव्हे. गुलामांच्या काळापासून गोरे लोक कोणत्याही काळ्या माणसाला तुच्छतेने त्या नावाने हाक मारीत. १८५२ च्या 'अंकल टॉम्स केबिन'मध्येही ते नाव आहे. आईबापांची नावे त्याच मासल्याची: मंबो आणि जंबो. दुसरे म्हणजे चित्रे. वाघ हिंदुस्थानातले, तूप हिंदुस्थानातले, बाजार हा शब्दही आपला. आणि माणसे मात्र ना मद्रासची ना मुंबईची. फताडे ओठ, बटबटीत डोळे, हसऱ्या माकडासारखे चेहरे. विलायतेत त्या काळी काळ्या माणसाचे चित्र म्हणून जो साचा चालू होता, तो बाईंनी उचलला आणि हिंदुस्थानच्या जंगलात आणून ठेवला. हेतू वाईट नसेल. १९७२ साली लंडनमध्ये या पुस्तकावर झोड उठली तेव्हा बाईंच्या मुलाने 'टाइम्स' पत्राला लिहून कळविले होते की एकाही मुलाला यामुळे दुःख होईल असे स्वप्नात आले असते, तर आईने पुस्तक छापलेच नसते. ते खरे मानायला आमची हरकत नाही. पण गिरणीत पट्ट्यात हात सापडला तर पट्टा कोणत्या हेतूने फिरत होता हे कोणी विचारीत नाही.

आता या पुस्तकाचा एक व्यवहार सांगतो, जो साहित्याचे पंडित सहसा सांगत नाहीत आणि आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. बाईंचे हस्तलिखित त्यांच्या ओळखीच्या माणसाने लंडनला नेले. हक्क विकू नयेत अशी बाईंची इच्छा होती. पण पत्रे बोटीने जाणार, बोटीने येणार. तेवढ्यात सौदा झाला: पाच पौंडांना सारे हक्क. जगभर खपलेल्या पुस्तकाची मजुरी पाच पौंड, उक्ती! आणि हक्क हातचे गेल्यामुळे अमेरिकेत ज्याला वाटेल त्याने ते छापले, ज्याला वाटेल त्याने नवी चित्रे काढून घेतली. तिथे तर वाघांचे जंगल जाऊन दक्षिणेचे कापसाचे मळे आले, आणि मूळच्या चित्रांपेक्षा कितीतरी ओंगळ चित्रे त्या गोष्टीला चिकटली. अमेरिकेतल्या काळ्या मुलांनी जो सांबो पाहिला तो बहुतेक हा दुसरा. म्हणजे ज्या चित्रांबद्दल बाईंना शिव्या बसल्या त्यांतली पुष्कळशी त्यांची नव्हतीच, आणि ती थांबविण्याचा अधिकारही त्यांच्यापाशी उरला नव्हता. कलावंताच्या हातून हक्क गेला की त्याची अब्रूही दुसऱ्याच्या हाती जाते, याचे हे उदाहरण आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी देतो.

या पुस्तकाविरुद्ध पहिल्यांदा ठळकपणे बोलणाऱ्यांत लँग्स्टन ह्यूज हे कवी होते. ह्यूज म्हणजे नुसते बैठकीतले कवी नव्हेत. जहाजावर खलाशी, वॉशिंग्टनच्या हॉटेलात उष्टी भांडी उचलणारा पोऱ्या, अशी त्यांची शाळा. १९३२ साली त्यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा की गोऱ्या मुलाला ही चित्रे मजेची वाटतील, पण ज्या मुलाला रस्त्यात, शाळेत, दुकानात आधीच पुष्कळ टोचणी सोसावी लागते, त्याला पुस्तकातही हसू करून घेण्याचे त्राण राहत नाही. कवीचे म्हणणे साधे आहे. विनोद तोच, पान तेच. पण वाचणारी दोन मुले सारख्या जागी बसलेली नाहीत.

आमचे काही सहकारी येथे म्हणतात, 'दादा, हे सगळे पोटभरल्यांचे चोचले. भाकरीचा प्रश्न सोडून चित्रांचा प्रश्न कशाला?' त्यांना आम्ही अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या पोर्टरांची हकीकत सांगतो. ही कंपनी रेल्वेचे झोपायचे डबे चालवी. त्या डब्यांत बिछाने घालणारे, जोडे पुसणारे, सामान उचलणारे पोर्टर बहुतेक सारे काळे. आणि प्रवासी त्यांना, कोणाचे नाव काहीही असो, हाक मारीत 'जॉर्ज'. का? तर कंपनीच्या धन्याचे नाव जॉर्ज पुलमन! गुलामाला धन्याचे नाव लावण्याची जी जुनी रीत, तीच रुळांवर आलेली. महिन्याला चारशे तासांच्या घरात काम, पगार इतका तोकडा की बक्षिसीसाठी सदा हसरा चेहरा ठेवणे भाग. तो हसरा चेहरा म्हणजेच पुस्तकातला सांबो. सदा खूश, सदा भुकेला, अक्कल कमी, तक्रार नाही. अशा माणसाला आठ तासांचा दिवस कशाला हवा, आणि रजा तरी कशाला? १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने या पोर्टरांनी युनियन बांधली, बारा वर्षे झुंज दिली, आणि १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली. तास कमी झाले, पगार वाढला. त्या लढ्यात माणसासारखे नावाने बोलवा हाही भाग होताच. पगाराची मागणी आणि नावाची मागणी त्यांनी वेगळी काढली नाही. आणि ती काढता येतही नाही. मुंबईच्या जुन्या शेटजींच्या घरी रत्नागिरीचा घरगडी लागला की त्याचे नाव गोविंद असो की धोंडू, तो 'रामा' व्हायचा. येथे पुष्कळांच्या आजोबांनी ती हाक ऐकली असेल. ज्याला स्वतःचे नाव नाही, त्याच्या पगाराला ठराविक आकडा कशाला?

चित्र मजुरी ठरविते, हे आणखी एका पुस्तकावरून दिसते. बेल्जियमच्या हर्जे यांचे 'टिनटिन काँगोत' हे १९३० च्या सुमारास वर्तमानपत्रातून आले आणि पुढच्या वर्षी पुस्तक झाले. त्यात एक प्रसंग आहे. टिनटिनची मोटार एका आगगाडीवर आदळते आणि मोटार न मोडता गाडीच कलंडते! मग हा गोरा पोरगा काळ्या उतारूंना दमात घेऊन कामाला लावतो, आणि ते आळशी म्हणून दाखविलेले. ज्या काँगोत मटाडीहून वर रेल्वे टाकताना काळ्या मजुरांचे हजारांवर मुडदे पडले, त्या देशातली माणसे आळशी! २००७ साली एका काँगोली नागरिकाने ब्रुसेल्सच्या कोर्टात या पुस्तकाविरुद्ध दावा लावला. पाच वर्षांनी कोर्टाने तो फेटाळला. कोर्टाचे आम्हांला वाईट वाटले नाही. असल्या प्रश्नांचा निकाल न्यायाधीशाने देऊ नये असेच आमचे मत आहे. आज त्याच्या हाती टिनटिन दिला, तर उद्या तोच हात आमच्या पत्रकांवर पडेल. पण दावा लावणाऱ्याचेही वाईट वाटले नाही. त्याने प्रश्न विचारला, आणि विचारला तो पत्त्यासकट.

मग करावे काय? जगात निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे करून पाहिले आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात एका शाळा-मंडळाने तीस शाळांच्या वाचनालयांतून सुमारे पाच हजार पुस्तके काढली, आणि २०१९ साली त्यांतली तीसेक चक्क जाळली. राख खत म्हणून झाडाला घातली! तेथील मूळ रहिवाशांचा अपमान करणारी चित्रे त्यांत होती, म्हणून हा शुद्धिविधी. २०२१ साली ही गोष्ट उघडकीला आली तेव्हा खुद्द मंडळालाच तोंड लपविण्याची पाळी आली.

आता या महाराष्ट्रात कोणी उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली त्याचे काय? आम्ही ते जाळणे शिरोधार्य मानतो आणि हे जाळणे मानीत नाही. मनुस्मृती हे कपाटातले पुस्तक नव्हते. ते लाखो माणसांच्या पाठीवर चालू असलेले फर्मान होते. ज्यांच्या पाठीवर ते होते त्यांनी ते उघड्या मैदानात, तारीख जाहीर करून, परिणामांना तोंड द्यायच्या तयारीने जाळले. शाळेच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच कपाटातली चित्रमालिका आपल्याच अंगणात जाळणे याला काय धैर्य लागते? आणि मनुस्मृती जाळणाऱ्या त्याच माणसाने ग्रंथांसाठी राजगृह बांधले, शत्रूचे म्हणणेही मूळ ग्रंथातून वाचून खोडले. जाळल्यावर त्या फर्मानाचा अभ्यास त्यांनी सोडला नाही, उलट वाढविला.

जपानची तऱ्हा याहून वेगळी. तिकडे 'सांबो' १९५३ पासून एका नामांकित प्रकाशनाने छापले आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी वाचले. १९८८ साली सांबोच्या बाहुल्यांवरून ओरड झाली. एका साध्या कुटुंबाने प्रकाशकांना पत्रे लिहायला सुरुवात केली. आणि काही महिन्यांतच प्रकाशकांनी भराभर पुस्तक मागे घेतले. चर्चा नाही, खुलासा नाही, वाचकाला एक ओळ नाही. अब्रू वाचली म्हणजे झाले. परिणाम काय झाला? २००५ साली दुसऱ्या एका प्रकाशकाने तीच जुनी आवृत्ती पुन्हा काढली आणि ती भराभर खपली. लोकांना वाटले, आपल्या लहानपणचे काहीतरी हरवले होते ते सापडले. मधल्या सतरा वर्षांत कोणी त्यांना सांगितलेच नव्हते की ते का हरवले. भीतीने केलेली तडजोड टिकत नाही, हे आम्ही कारखान्याच्या दारावर अनेकदा पाहिले आहे. मालक घाबरून दोन मागण्या मान्य करतो, आणि घबराट ओसरली की पहिल्या संधीला काढून घेतो.

तिसरी तऱ्हा पुस्तक न काढता ते आतून बदलण्याची. हिच्याविषयी जरा थांबून बोलावे लागेल, कारण येथे चांगले आणि वाईट दोन्ही एकाच कपड्यात येते. रोआल्ड डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' या १९६४ च्या पुस्तकात कारखान्यातले कामगार हे आफ्रिकेच्या रानातून खोक्यांत भरून आणलेले बुटके काळे लोक होते. मजुरी काय, तर कोकोच्या बिया! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसावे की संपाची नोटीस द्यावी कळेना. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि १९७३ च्या आवृत्तीत लेखकाने स्वतः ते बदलले. कामगार गोरे-गुलाबी झाले आणि त्यांचा देशही कल्पित झाला. (मजुरी मात्र कोकोच्या बियाच राहिली. रंग बदलला, वेतनश्रेणी बदलली नाही!) डॉक्टर स्यूस यांनीही आपल्या १९३७ च्या पहिल्या पुस्तकातल्या चिनी माणसाची पिवळी कातडी आणि वेणी १९७८ साली स्वतःच काढून टाकली. लेखक जिवंत आहे, त्याला कोणी चार शब्द सुनावले, त्याने ऐकले, आणि आपल्या हाताने दुरुस्त केले. याला कोणी वाळीत टाकणे म्हणू नये. याला सुधारणे म्हणतात.

पण २०२३ च्या फेब्रुवारीत जे घडले ते वेगळे. डाल वारले १९९० साली. त्यांच्या प्रकाशकाने व हक्कदारांनी सल्लागार बसवून त्यांच्या पुस्तकांतले शेकडो शब्द बदलले. 'लठ्ठ' हा शब्दसुद्धा निघाला. आवृत्त्या बाजारात गेल्या, आणि पत्रकारांनी जुन्या-नव्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा लोकांना बदलांचा खरा पसारा कळला. सलमान रश्दींपासून अनेकांनी टीका केली. शेवटी जुन्या मजकुराच्या सतरा पुस्तकांचा वेगळा संच काढू असे प्रकाशकाला जाहीर करावे लागले. आमचा आक्षेप शब्द बदलण्यापेक्षा बदलण्याच्या रीतीवर आहे. कारखान्यात हजेरीपट असतो. त्यात चूक झाली तर ती खोडता येते. पण खोडलेले वाचता आले पाहिजे, बाजूला सही पाहिजे, तारीख पाहिजे. ज्या हजेरीपटात सही नसलेली खाडाखोड आहे तो कामगार-न्यायालयात टिकत नाही. एका मोठ्या आस्थापनेत कंत्राटी सफाई कामगारांच्या हजेरीचे जुने पट गायब करून नवे कोरे, स्वच्छ अक्षरातले पट आणून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. इतके स्वच्छ की त्यात दोनशे चाळीस दिवस कोणाचेच भरलेले नव्हते! त्या दिवसापासून स्वच्छ कागदाची आम्हांला धास्ती वाटते. अपमान केल्याचा पुरावा अपमान करणाऱ्याच्या वारसांनीच पुसून टाकावा, आणि त्याच पुस्तकाची नवी विक्री करावी, यात अपमान झालेल्याला मिळाले काय?

म्हणून बदल करायचा तर सही-तारखेसह करा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा की अमुक साली हे असे होते, तमुक साली आम्ही ते असे केले, आणि या कारणाने केले. मूळ प्रत मोठ्या ग्रंथालयात ठेवा, ज्याला अभ्यास करायचा त्याला हातात द्या. १९९६ साली अमेरिकेत दोन नवी पुस्तके निघाली ती आम्हांला यापेक्षाही पसंत आहेत. एकात ज्युलियस लेस्टर आणि जेरी पिंकनी, दोघेही कृष्णवर्णीय, यांनी सांबोची गोष्ट आपल्या बोलीत, आपल्या चित्रांत नव्याने सांगितली. दुसऱ्यात फ्रेड मार्सेलिनो यांनी बॅनरमनबाईंचेच शब्द बहुतेक जसेच्या तसे ठेवून नावे आणि चित्रे हिंदुस्थानी केली. पोराचे नाव बाबाजी. वाघ तेच, तूप तेच. अपमान तेवढा गळून पडला आणि गोष्टीचे काही बिघडले नाही. यावरून तो अपमान गोष्टीला किती अनावश्यक होता हे आपोआप सिद्ध झाले. उलट, ज्यांनी नाव सोडले नाही त्यांची गत पाहा. कॅलिफोर्नियात १९५७ साली 'सांबोज' नावाचे घावनांचे हॉटेल निघाले. नाव म्हणे दोन मालकांच्या नावांवरून पडले, पण भिंतींवर चित्रे वाघांची आणि पोराची! देशभर हजारावर शाखा झाल्या. गावोगाव नावावरून निदर्शने झाली, कारभारही बिघडला, आणि १९८१ साली कंपनीचे दिवाळे वाजले. उरलेल्या एकुलत्या एका मूळ हॉटेलाने नाव बदलले ते २०२० साली.

आमच्या युनियनचे एक लहानसे वाचनालय आहे. सभासदांची मुले संध्याकाळी तिथे येतात. मागे कोणा सज्जनाने घर रिकामे करताना इंग्रजी पुस्तकांची दोन खोकी पाठविली, त्यांत 'सांबो'ची एक जुनी अमेरिकन प्रत निघाली. कापसाच्या मळ्याची चित्रे असलेली. कार्यकारिणीत तासभर कडाक्याचा वाद झाला. एक म्हणाला, रद्दीत घाला. दुसरा म्हणाला, गोष्ट चांगली आहे, पोरांना काय कळते! त्यावर आमच्या एक भगिनी, झाडूकाम करणाऱ्या, फार कमी बोलणाऱ्या, म्हणाल्या, "माझ्या पोरीला वर्गात काळी म्हणून चिडवतात. तिला कळतं." त्यानंतर 'पोरांना काय कळते' हा मुद्दा कोणी काढला नाही. ठरले असे की मुलांच्या मांडणीवर ते पुस्तक ठेवायचे नाही; मोठ्यांच्या कपाटात ठेवायचे, आत एक चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीचा मसुदा आम्ही केला, आणि त्या भगिनींना वाचून दाखवून मगच चिकटवला. त्यांनी एक वाक्य कापायला लावले; फार लांबण होते म्हणाल्या.

हे सगळे वादविवाद एका बाजूला. पण या साऱ्या गदारोळात आम्हांला जे काम सर्वांत मोलाचे वाटते ते पुस्तक काढण्याचेही नाही आणि राखण्याचेही नाही. ते मोजण्याचे आहे. नॅन्सी लॅरिक नावाच्या बाईंनी १९६५ साली अमेरिकेतल्या त्रेसष्ट प्रकाशकांची मागल्या तीन वर्षांतली मुलांची पुस्तके तपासली. एकूण ५,२०६ पुस्तके. त्यांतल्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७ पुस्तकांत, एखादा तरी काळा माणूस मजकुरात किंवा चित्रात सापडला. बाकी सारे जग गोरे. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने पुस्तक चाळता चाळता विचारले होते की ही मुले नेहमी गोरीच का असतात. त्या प्रश्नापासून बाईंनी लेखाला आरंभ केला. ओंगळ चित्र डोळ्यांत खुपते, म्हणून त्याच्यावर वाद होतो. नसलेले चित्र कोणालाच खुपत नाही. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मुलांच्या पुस्तकांच्या केंद्राने १९८५ सालची मोजणी केली, तेव्हा सुमारे अडीच हजार नव्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके निघाली अठरा. सांबोवर तोपर्यंत पन्नास वर्षे वाद चालू होता, आणि लेखक मात्र अठरा! त्या केंद्राने मग मोजणी दरसाल चालूच ठेवली. आकडा दरवर्षी समोर आला की प्रकाशकाला उत्तर द्यावे लागते. आज तो आकडा अठराच्या कितीतरी पुढे गेला आहे, त्याचे श्रेय भाषणांना कमी आणि त्या मोजणाऱ्या बायांना जास्त आहे.

तेच पाहून गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयातली मराठी पुस्तके मोजायला आम्ही दोन मोठ्या मुलांना बसविले. रकाने त्यांनीच आखले: नायक कोणाचा मुलगा अथवा मुलगी, बाप काय करतो, आई काय करते, घर चाळीत की बंगल्यात, चित्रात कातडीचा रंग कोणता. राक्षस कोणत्या रंगाचा हा रकाना आम्ही सांगितला नव्हता. तो त्या मुलीने आपल्या मनाने वाढविला. तीन मांडण्या झाल्या आहेत, दोन राहिल्या आहेत. परीक्षा संपल्या की मुले पुन्हा बसणार आहेत.